भूमीची नाडी पाहणारे धर्मगुरू : फादर जेम्स मॅकेलवेन, ये. सं.

आषाढातील काळोख्या रात्री समुद्र खवळला म्हणजे किनाऱ्यावरील आमच्या गावांतील माणसांना त्याची गर्जना घरात निजल्या जागी ऐकू येते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, जाळी माळ्यावर गेलेली असतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्या गर्जनेशी आपला संबंध एवढाच की, ती ऐकत पडून राहावे. परंतु ह्याच लाटांच्या माराने आपल्या अंथरुणाखालची जमीनदेखील रात्रंदिवस हलत असते, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. ती इतकी सूक्ष्म हलते की, काठोकाठ भरलेल्या तांब्यातील पाण्यावर तरंगही उठत नाही. मनुष्याच्या देहाला ते कळत नाही. यंत्राला मात्र कळते. त्या यंत्राने काढलेल्या नागमोडी रेषा वाचण्यात, आणि त्याहीपेक्षा इतरांनी वाचलेल्या रेषा एके ठिकाणी गोळा करण्यात ज्यांचे आयुष्य खर्ची पडले, अशा एका येशूसंघीय धर्मगुरूचे चरित्र ह्या महोत्सवाच्या स्मरणिकेत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

जेम्स बर्नार्ड मॅकेलवेन यांचा जन्म २८ सप्टेंबर १८८३ रोजी अमेरिकेतील ओहायो संस्थानात, ईरी सरोवराच्या काठी वसलेल्या पोर्ट क्लिंटन ह्या लहानशा गावी झाला. वयाच्या विसाव्या वर्षी, म्हणजे १९०३ साली, त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. ह्या संघातील तयारीचा मार्ग किती लांबचा असतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. नवदीक्षितांची वर्षे, त्यानंतर तत्त्वज्ञान, मध्यंतरी अध्यापन, मग ईशज्ञान, असे करता करता पंधरा वर्षे लोटली आणि १९१८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तेव्हा त्यांचे वय चौतीस होते. ह्या पंधरा वर्षांतील बराच काळ मिसिसिपी नदीच्या तीरावरील सेंट लुईस शहरी, येशूसंघाच्या विद्यापीठात गेला. तेथेच त्यांनी पदार्थविज्ञानाचे अध्ययन केले आणि भूकंपलेखक यंत्राशी त्यांची ओळख झाली.

त्या यंत्राची हकीकत थोडी मागे जाऊन सांगितली पाहिजे. निसर्गाचे वेध घेण्याचे काम येशूसंघीयांस नवे नव्हते. क्यूबा बेटावरील हवाना येथे फादर बेनितो विन्येस यांनी १८७५ साली, आणि फिलिपिन बेटांतील मनिला येथे फादर फेदेरिको फाउरा यांनी १८७९ साली, येऊ घातलेल्या चक्री वादळाची आगाऊ सूचना देऊन खलाशांना सावध केले होते. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी फादर फ्रेडरिक ओडेनबाख नावाचे असेच एक वेधशील धर्मगुरू होते. येशूसंघाची विद्यालये उत्तर अमेरिका खंडात एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पसरलेली आहेत. त्यांपैकी अनेकांत एकाच बनावटीचे यंत्र बसविले, तर सबंध खंडावर भूकंपाची चौकी बसेल, अशी कल्पना त्यांनी मांडली. ती मान्य होऊन १९०९ साली सुमारे सोळा विद्यालयांस जर्मनीतील शास्त्रज्ञ वीखर्ट यांच्या बनावटीची यंत्रे मिळाली. प्रत्येक यंत्रात ८० किलोग्रॅम वजनाचा एक जड गोळा तोलून उभा केलेला असे. जमीन हलली तरी तो जड गोळा जागचा चटकन हलत नाही; आणि गोळा व जमीन यांच्यामध्ये जो फरक पडतो तो एका बारीक सुईने काजळी धरलेल्या कागदावर रेषेच्या रूपाने उमटतो. यंत्राचे सारे रहस्य एवढेच.

यंत्रे आली खरी, परंतु यंत्र असणे निराळे आणि ते वाचणारा मनुष्य असणे निराळे. प्रत्येक विद्यालयात हे काम वर्गावर शिकवून थकलेल्या एखाद्या प्राध्यापक धर्मगुरूच्या गळ्यात पडे. रोजचा कागद बदलावा, काजळी धरावी, घड्याळ बिनचूक ठेवावे, रेषा मोजावी, आकडे पाठवावे, ही कामे नित्याची आणि नीरस होती. त्या धर्मगुरूची बदली झाली, की त्याच्या जागी येणाऱ्याला यंत्राची माहिती नसे. अशा रीतीने थोड्याच वर्षांत हा मोठ्या उमेदीने आरंभिलेला उपक्रम मंदावला. स्थानके होती, पण ती एकमेकांशी बोलत नव्हती. धर्मग्रामांतील अनेक मंडळांची कहाणीही अशीच असते. उद्घाटनाला गर्दी होते आणि हिशेबाची वही पुढे चालविणारा कोणी उरत नाही.

गुरुदीक्षेनंतर फादर मॅकेलवेन कॅलिफोर्नियातील बर्कली येथील विद्यापीठात उच्च अध्ययनासाठी गेले. ह्या शास्त्रासाठी याहून योग्य स्थळ अमेरिकेत नव्हते. तेथे १८८७ सालापासून भूकंपाचे वेध घेतले जात होते. आणि जवळच्या सॅन फ्रान्सिस्को शहराचा १८ एप्रिल १९०६ रोजी भूकंपाने व पाठोपाठ लागलेल्या आगीने जो विध्वंस झाला, त्याची आठवण ताजी होती. तेथे १९२३ साली त्यांना डॉक्टर ही पदवी मिळाली. अमेरिकेत भूकंपशास्त्राच्या विषयावर ही पदवी मिळविणारे ते पहिलेच, असे मानले जाते. विद्यापीठाने त्यांना लगेच अध्यापक नेमून तेथील भूकंपस्थानकांची व्यवस्थाही त्यांच्या हाती दिली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले पेरी बायर्ली हे पुढे ह्याच स्थानकांचे प्रमुख झाले आणि कीर्तिमान ठरले.

हे शास्त्र त्या काळी कोणत्या टप्प्यावर होते, ते येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. नाही तर फादर मॅकेलवेन यांच्या कामाचे मोल ध्यानात यावयाचे नाही. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून मध्यबिंदूपर्यंतचे अंतर सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. मनुष्याने आजवर खणलेले अत्यंत खोल भोकदेखील १२ किलोमीटरांच्या थोडेच पलीकडे गेले आहे. म्हणजे नारळाच्या वरच्या सालीलाही आपला नख पुरता लागलेला नाही. मग करवंटी किती जाड, खोबरे किती आणि आत पाणी आहे की नाही, हे कळावे कसे? नारळवाला नारळ कानाशी नेऊन हलवून पाहतो, त्यावर टिचकी मारतो, तोच मार्ग शास्त्रज्ञांनी पत्करिला. टिचकी निसर्गच मारीत असतो. तिला आपण भूकंप म्हणतो. ऐकण्याचे काम तेवढे यंत्रांनी करावयाचे.

भूकंप झाला म्हणजे त्या ठिकाणाहून पृथ्वीच्या पोटातून दोन जातींच्या लहरी निघतात. पहिली जात वेगवान असून ती वाटेतील खडकाला पुढेमागे दाबीत व सैल करीत जाते. हिला प्राथमिक लहरी म्हणतात. दुसरी जात मागाहून येते आणि खडकाला आडवे हेलकावे देत जाते. ह्या दुय्यम लहरी होत. पहिली घन व द्रव ह्या दोहोंतून जाऊ शकते. दुसरी द्रवातून मुळीच जात नाही, कारण पाण्याला आडवे ओढले असता ते उलट ओढ देत नाही. ह्या एका भेदावर पृथ्वीच्या अंतरंगाचे बहुतेक ज्ञान उभे आहे. ह्या ज्ञानाचा एक धागा आपल्या देशातून गेला आहे, हे सांगताना आम्हांस समाधान वाटते. १२ जून १८९७ रोजी आसामात जो महाभयंकर भूकंप झाला, त्याचा अभ्यास भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी केला आणि दूरदेशीच्या यंत्रांवर उमटलेल्या रेषांत ह्या लहरी वेगळ्या ओळखून दाखविल्या. त्यांनीच १९०६ साली पृथ्वीच्या पोटात एक निराळा गाभा असल्याचे सिद्ध केले. क्रोएशियातील आंद्रिया मोहोरोविचिच यांनी १९०९ सालच्या एका भूकंपावरून वरचे कवच कोठे संपते ती सीमा शोधिली. आणि जर्मनीत बेनो गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर आहे असे १९१४ च्या सुमारास ठरविले.

ह्या सर्व शोधांत एक गोष्ट सारखी होती. त्यांपैकी कोणताही शोध एका यंत्राच्या कागदावरून लागलेला नव्हता. एका स्थानकावर प्राथमिक व दुय्यम लहर यांच्या आगमनात किती सेकंदांचे अंतर पडले, एवढे मोजले म्हणजे भूकंप किती दूर झाला ते कळते. जवळच्या भूकंपात दर सेकंदास ढोबळ मानाने ८ किलोमीटर धरावे. परंतु तो कोणत्या दिशेस झाला, हे त्यावरून निश्चित होत नाही. नकाशावर स्थानकाभोवती तेवढ्या अंतराचे वर्तुळ काढावे आणि भूकंप त्या वर्तुळावर कोठेतरी झाला असे म्हणावे, इतकेच. दुसऱ्या स्थानकाचे वर्तुळ काढले म्हणजे दोन बिंदू उरतात. तिसरे काढले म्हणजे एक उरतो. तीन ठिकाणच्या तीन माणसांनी आपापला आकडा प्रामाणिकपणे दुसऱ्याच्या हवाली केला, तरच भूकंपाचे स्थान सापडते. आणि स्थान व वेळ बिनचूक कळल्यावाचून लहर कोणत्या खोलीतून किती वेगाने आली, याचा हिशेबच मांडता येत नाही.

फादर मॅकेलवेन १९२५ साली बर्कलीची जागा सोडून सेंट लुईसला परतले, आणि त्यांनी हाती घेतलेले काम हेच होते. त्याच वर्षी येशूसंघीय भूकंपशास्त्र मंडळाची स्थापना झाली. ओडेनबाख यांनी बसविलेली जुनी यंत्रे पुन्हा हिशेबात आली, ठिकठिकाणी नवी व अधिक नाजूक यंत्रे बसू लागली. फोर्डहॅम, जॉर्जटाउन, डेन्व्हर, सांता क्लारा व पुढे वेस्टन अशा दूरदूरच्या विद्यालयांतून आकडे तारेने सेंट लुईसच्या मध्यवर्ती कचेरीत येऊ लागले. सरकारचे सागरकिनारा व भूमापन खाते आणि वर्तमानपत्रांस शास्त्रीय बातम्या पुरविणारी सायन्स सर्व्हिस ही संस्था यांचेही साहाय्य मिळाले. कोठेही मोठा भूकंप झाला की तारा जमत, वर्तुळे काढली जात, आणि भूकंपाचे स्थान ठरवून ते जगातील वेधशाळांस कळविले जाई. आज हे काम संगणक काही मिनिटांत करतात. त्या काळी ते मनुष्याच्या हाताने, पृथ्वीचा गोल, दोरी व कोष्टके घेऊन करावे लागे, आणि भूकंपाला रविवार नसतो.

सेंट लुईस शहरी राहणाऱ्यास ह्या विषयाची निकड समजावून देण्याची गरज नव्हती. त्याच मिसिसिपी खोऱ्यात, न्यू मॅड्रिड ह्या गावाच्या परिसरात, डिसेंबर १८११ ते फेब्रुवारी १८१२ ह्या तीन महिन्यांत लागोपाठ मोठे भूकंप झाले होते. तेथे पुन्हा काय शिजत आहे याचा वेध घ्यावा म्हणून फादर मॅकेलवेन यांनी फ्लोरिसंट, लिटल रॉक व केप जिरार्डो येथे स्थानके उभी केली. सेंट लुईस विद्यापीठात त्यांनी १९२५ साली स्थापन केलेला भूभौतिकी विभाग अमेरिकेतील ह्या विषयाचा पहिला विभाग होय. आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी फादर विल्यम रेपेट्टी यांनी भूगर्भातील वेगबदलाच्या सीमांवर १९२८ साली प्रबंध लिहिला व ते मनिलाच्या वेधशाळेत गेले. सुमारे एक हजार किलोमीटर खोलीवरील एका सीमेस पुष्कळ दिवस रेपेट्टी यांचे नाव होते. स्वतः फादर मॅकेलवेन यांनी लहरींच्या प्रवासवेळांची कोष्टके तयार केली, आणि १९३६ साली भूकंपशास्त्राच्या गणिती अंगावर त्यांचा पाठ्यग्रंथ प्रसिद्ध झाला. डेन्मार्कच्या इंगे लेहमन यांनी द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचा शोध प्रसिद्ध केला, तेही हेच १९३६ साल.

आता आरंभी सांगितलेल्या समुद्राच्या गर्जनेकडे वळू. भूकंप नसतानाही यंत्राची सुई स्वस्थ बसत नाही. चार ते आठ सेकंदांच्या तालाने ती अखंड थरथरत असते, आणि काही दिवस ही थरथर इतकी वाढते की खऱ्या भूकंपाची रेषा तीत बुडून जाते. ह्या थरथरीस सूक्ष्मकंप म्हणतात. बहुतेक वेधकर्त्यांना तो एक उपद्रव वाटे. भाताच्या राशीतील तुसासारखा तो पाखडून टाकावा, असे त्यांस वाटणे साहजिक होते. परंतु ह्या तुसातही दाणा आहे, हे काहींनी ओळखले, आणि त्यांत आपल्या मुंबईचा मान मोठा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८९८ च्या सुमारास भूकंपलेखक यंत्र बसले होते. तेथील संचालक सुधांशु कुमार बॅनर्जी यांनी वर्षानुवर्षांचे कागद तपासून १९३० साली एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले म्हणजे, आणि अरबी समुद्रात वा बंगालच्या उपसागरात वादळ उठले म्हणजे, कुलाब्याच्या यंत्रावर सूक्ष्मकंप वाढतात, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. ज्या लाटांच्या भयाने आमचे कोळी बांधव होड्या ओढून घेत, त्याच लाटा कुलाब्याच्या कागदावर आपली सही करीत होत्या.

सेंट लुईस तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तेथे गर्जना ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. तरीही तेथील यंत्रे थरथरत. ही थरथर येते कोठून, हे शोधण्याचे काम फादर मॅकेलवेन यांनी कोलंबिया देशातून आलेले आपले विद्यार्थी फादर हेसुस एमिलिओ रामिरेस यांस दिले. युक्ती साधी पण नाजूक होती. थोड्या थोड्या अंतरावर त्रिकोणात तीन यंत्रे मांडावी आणि एकच कंप त्या तिघांवर कोणत्या क्रमाने पोचतो ते सेकंदाच्या अंशापर्यंत मोजावे. त्यावरून कंप कोणत्या दिशेने आला ते कळते. त्या दिशा नकाशावर काढून पाहता त्या दूरच्या महासागरावरील वादळांकडे बोट दाखवू लागल्या. हे संशोधन १९४० साली प्रसिद्ध झाले, आणि फादर रामिरेस स्वदेशी परतून त्यांनी १९४१ साली बोगोटा येथे भूभौतिकी संस्था स्थापन केली. जेथे जहाज नाही व वेधशाळा नाही अशा भर समुद्रातील वादळाची वार्ता भूमीच्या पोटातून मिळू शकते, ही कल्पना त्या काळी किती रोमांचकारी वाटली असेल! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या आरमाराने कॅरिबियन समुद्रातील बेटांवर अशी यंत्रे मांडून चक्री वादळांचा माग काढण्याचा प्रयत्न केला.

येथे सत्य सांगितले पाहिजे. हा प्रयत्न अपेक्षेइतका सफल झाला नाही. दिशा कधी बरोबर येई, कधी फसे. कारण लहरी वाटेतील खडकांच्या रचनेप्रमाणे वळतात, आणि कंप वादळाच्या केंद्राखालीच उठतो असे नाही. त्याचे मर्म १९५० साली इंग्लंडचे लाँगे-हिगिन्स यांनी गणिताने उलगडले. समोरासमोरून येणाऱ्या सारख्या लाटा जेथे एकमेकींस भिडतात तेथे पाण्याचा दाब तळापर्यंत जसाच्या तसा पोचतो, आणि लाटांच्या दुप्पट तालाने समुद्रतळाला ठोकत राहतो. म्हणून कंप वादळाच्या पाठीमागेही उठतो, आणि वादळाची लाट दूरच्या किनाऱ्यावर आपटून परत फिरते तेथेही उठतो. पुढे विमाने व उपग्रह यांनी वादळांचा माग काढण्याचे काम आपल्याकडे घेतले आणि आरमाराची यंत्रे मागे पडली. ज्या आशेने काम आरंभिले ती आशा पुरी न होता हाती दुसरेच काही यावे, असे शास्त्रात वारंवार घडते. ते घडत असताना धीर न सोडणे हीच त्यातील कसोटी.

फादर मॅकेलवेन यांस मानसन्मान मिळाले नाहीत असे नाही. अमेरिकेच्या भूकंपशास्त्र परिषदेचे ते अध्यक्ष झाले. १९४४ साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सभासद निवडले गेले. १९४८ साली अमेरिकन भूभौतिकी संघाचे बोवी पदक त्यांस मिळाले. आणि १९५३ पासून ते त्या संघाचे अध्यक्ष होते. सामान्य वाचकांसाठी भूकंपावर लिहिलेले त्यांचे पुस्तक १९४७ साली निघाले. ह्या सर्व काळात विद्यापीठाच्या कारभाराची ओझीही त्यांच्या खांद्यावर होती. असे असूनही एक गोष्ट आमच्या मनात राहून राहून येते. भूगर्भाच्या सीमांना मोहोरोविचिच, गुटेनबर्ग व लेहमन यांची नावे मिळाली. विद्यार्थी रेपेट्टी यांचेही नाव काही काळ एका सीमेस होते. गुरूचे नाव मात्र भूगर्भातील एकाही थराला नाही. बर्कलीसारख्या ठिकाणी राहून एखाद्या प्रश्नाचा एकट्याने पाठपुरावा केला असता तर तेही कदाचित घडले असते. त्यांची उमेदीची वर्षे इतरांच्या तारा जमविण्यात, इतरांचे आकडे तपासण्यात आणि विद्यार्थी घडविण्यात गेली.

हा तोटा होता काय? आमच्या मते हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि त्याचे उत्तर घाईने देण्याजोगे नाही. मनुष्याला देवाने जी बुद्धी दिली ती दुसऱ्यांचे हिशेब जुळविण्यात वेचावी काय, असे कोणी म्हणेल, तर त्याचे म्हणणे पोकळ नाही. परंतु १९०९ सालची यंत्रे आठवावी. एकटी यंत्रे चांगलीच होती. त्यांना जोडणारा कोणी नव्हता म्हणून ती मुकी झाली. पुढच्या वर्षांत जी स्थानके बोलती झाली, ज्या तरुणांनी ह्या शास्त्रात नाव काढले, त्या साऱ्यांच्या मुळाशी तो कचेरीतील दोरी आणि कोष्टकांचा संसार होता. आमच्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवात आम्ही ज्यांची नावे संगमरवरावर वाचतो त्यांच्याइतकेच, बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या ज्यांनी वर्षानुवर्षे सुवाच्य अक्षरात भरल्या त्यांचेही आपण देणे लागतो. त्या वह्या नसत्या तर कोणत्या कुळातून कोण आले हे आज कोणास सांगता आले असते?

१९५० साली येशूसंघीय भूकंपशास्त्र मंडळास पंचवीस वर्षे पूर्ण झाली, तेव्हा फादर मॅकेलवेन यांनी एक स्मरणग्रंथ संपादित केला. आमच्या हाती असलेल्या ह्या स्मरणिकेची ती मोठी बहीणच म्हणावयाची. त्यानंतर सहा वर्षांनी, १५ फेब्रुवारी १९५६ रोजी, सेंट लुईस येथे त्यांनी देह ठेवला. त्यांचे वय बहात्तर होते. अमेरिकन भूभौतिकी संघाने १९६१ साली त्यांच्या नावे एक पदक स्थापिले. ते तरुण संशोधकांस दिले जाते. ज्यांनी आयुष्यभर तरुणांस पुढे केले, त्यांचे स्मारक याहून उचित कोणते असावे?

त्यांच्या मागे ह्या शास्त्राने जे वळण घेतले ते सांगितल्यावाचून चरित्र पुरे होणार नाही. जो सूक्ष्मकंप तूस म्हणून पाखडून टाकला जात होता तोच आज दाणा ठरला आहे. दोन स्थानकांवरील ही अखंड थरथर महिनोनमहिने नोंदून एकमेकींशी ताडून पाहिली, तर भूकंपाची वाट न पाहताही त्या दोन स्थानकांमधील खडकांचा नकाशा काढता येतो. कॅलिफोर्नियात २००५ साली हे करून दाखविण्यात आले आणि आता जगभर ती रीत रूढ आहे. समुद्राच्या लाटाच भूगर्भावर टिचक्या मारीत आहेत, आणि आपण ऐकत आहोत! २०२० साली तर त्याहून विस्मयकारक गोष्ट प्रसिद्ध झाली. सुमात्राजवळील नियास बेटापाशी एकाच ठिकाणी पुनःपुन्हा होणाऱ्या लहान भूकंपांचा ध्वनी हिंदी महासागराच्या पाण्यातून सुमारे तीन हजार किलोमीटर प्रवास करून दिएगो गार्सिया बेटावरील यंत्रावर पोचतो. पाणी ऊन झाले की ध्वनी अधिक वेगाने जातो. तेव्हा तोच प्रवास वर्षांमागून वर्षे सेकंदाच्या अंशाने लवकर पुरा होऊ लागला, तर मधला समुद्र तापत आहे असे समजावे. संशोधकांस २००५ ते २०१६ ह्या काळात तसेच आढळून आले. ज्या महासागरावरून आपला पाऊस येतो त्याचा ताप पाहण्यास भूकंप उपयोगी पडावा, हे फादर विन्येस व फादर फाउरा यांस सांगितले असते तर त्यांस किती आनंद झाला असता!

आपल्या महाराष्ट्रास भूकंप परका राहिलेला नाही. ११ डिसेंबर १९६७ ची कोयनेची पहाट आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट विसरणे शक्य नाही. भूकंप कोणत्या दिवशी होईल हे सांगण्याची विद्या आजही कोणापाशी नाही, आणि ती आपल्यापाशी आहे असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. भूमी कोठे हलते, किती हलते आणि कोठे पक्के बांधावे, एवढे मात्र शांतपणे मोजीत राहणाऱ्या माणसांमुळे कळते, आणि तेवढ्याने पुष्कळ प्राण वाचतात.

येत्या आषाढात समुद्र गर्जू लागेल तेव्हा वाचकांनी क्षणभर हे चरित्र आठवावे. त्या रात्री कोठेतरी एखादे यंत्र ती गर्जना टिपीत असेल, आणि कोणीतरी मनुष्य त्याचे घड्याळ बिनचूक ठेवीत असेल. त्याचे नाव आपणांस कळणार नाही. फादर मॅकेलवेन यांस मात्र अशा माणसाचे नाव, त्याचे स्थानक आणि त्याचा आकडा ही तिन्ही ठाऊक असती. त्यांच्या आत्म्यास चिरशांती लाभो, आणि आमच्या धर्मग्रामात अशा नोंद ठेवणाऱ्या हातांची उणीव कधी न पडो, एवढीच ह्या महोत्सवाच्या दिवशी आमची प्रार्थना आहे.